आवाज येतोय, पण दिसत काहीच नाही

गावोगावची साहित्य संमेलनं भरवणाऱ्या स्वागत समित्या, मंडप समित्या आणि कार्यक्रमपत्रिका ठरवणारी मंडळी यांना,

स. न. वि. वि.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांची तयारी करून घ्यायची, स्नेहसंमेलनाचा मागचा पडदा रंगवायचा, कुणाची जयंती आली की फळ्यावर रंगीत खडूने सुविचार काढायचा, हे माझं काम. कविता मी लिहीत नाही, वाचते. हे आधीच सांगितलं, म्हणजे कवी कट्ट्यावर नंबर न लागल्याचा राग काढतेय असं कुणाला वाटायला नको.

काही वर्षांपूर्वी एका संमेलनात आम्हा चौघांना पाऊण तास मिळाला होता. कुठलं संमेलन ते सांगत नाही, माणसं भली होती, जेवणही छान होतं. विषय होता कविता, चित्र आणि चित्रपट. वेळ दुपारी अडीचची, उपमंडप क्रमांक दोन. डोक्यावर पांढरं कापड, तीन बाजू उघड्या आणि बाहेर रखरखीत ऊन. प्रोजेक्टर लावला तर पडद्यावर एक फिकट करडा डाग तेवढा हलताना दिसायचा. माणूस आहे की झाड, कळेना. दोन स्वयंसेवक पोरं सतरंजी आडवी धरून उभी राहिली. हात भरून आले तशी बिचारी निघून गेली. शेवटी मंडप समितीतले एक काका आले, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "ताई, आवाज येतोय ना? मग चालू द्या की!"

काकांचा मला राग आला नाही. त्यांनी जे सहज म्हटलं तेच आपल्या सगळ्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये लिहिलेलं असतं. कविता म्हणजे माइक. निमंत्रितांचं कवीसंमेलन, गझल कट्टा, कवी कट्टा, बालकवी मेळावा. आवाज आला की कविता पोचली.

पत्र लिहायचं कारण हेच. गेल्या सत्तर वर्षांतली मराठी कविता ज्यांनी घडवली, त्यांतल्या अनेकांचे डोळे चित्रांवर आणि सिनेमावर तयार झालेले होते. ती कविता तुम्ही आम्हाला फक्त ऐकवता.

ऐकणं आपल्या रक्तात आहे, कबूल. ओवी जात्यावर, अभंग टाळावर, पोवाडा डफावर. पण पाहणंही तितकंच जुनं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची, पाठीला पाठ चिकटवलेली चित्रं. त्यांच्या संचाला पोथीच म्हणतात. कलाकार एकेक चित्र पुढे धरतो, गात-बोलत प्रसंग सांगतो, सोबत वीणा, टाळ, हुडुक. एक चित्र उचललं की दुसरं. नीट बघा, हा सिनेमाच आहे, वीज यायच्या आधीचा. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती या कलेसाठी. आणि संमेलनात चित्रकथी कधी येते? उद्घाटनाआधी दहा मिनिटं, पाहुण्यांची गाडी वेशीवर अडकलेली असते तेव्हा. 'लोककला' म्हणून. साहित्य मग पाहुणे आल्यावर सुरू होतं.

कवी अरुण कोलटकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. पोट जाहिरातीच्या धंद्यावर, आणि त्या धंद्यात त्यांचा दबदबा होता. १९५४ साली त्यांनी, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारं छोटं मासिक, काढलं. पुढे आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी मिळून क्लिअरिंग हाउस नावाचं प्रकाशन चालवलं. कोलटकरांचं इंग्रजी कवितांचं पुस्तक 'जेजुरी' १९७६ मध्ये तिथूनच आलं. त्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांची. चौघांतले गीव्ह पटेल डॉक्टर, कवी आणि शिवाय चित्रकार. चित्रे तर कविता लिहायचे, तुकाराम इंग्रजीत न्यायचे, चित्रं काढायचे आणि मध्येच त्यांनी 'गोदाम' नावाचा चित्रपट केला. फ्रान्समधल्या नांतच्या चित्रपट महोत्सवात १९८४ साली त्याला ज्युरीचं विशेष पारितोषिक मिळालं. चित्र्यांवर परिसंवाद पुष्कळ होतात. 'गोदाम' कुठल्या संमेलनात दाखवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

कोलटकरांची 'तक्ता' ही कविता मी दर वर्षी सातवीला वाचून दाखवते. अभ्यासक्रमात असो-नसो. बालवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता असतो ना, अननस, आई, इजार, त्याच्यावर ती कविता आहे. सगळे आपापल्या चौकोनात निवांत बसलेत. आई काही बाळाला उखळात घालून कांडणार नाही, अशी कवी आपली समजूत घालतो, आणि नेमकी तिथूनच धास्ती वाटायला लागते. चौकोनांच्या रेघा तेवढ्या टिकल्यात म्हणून सगळं ठीक आहे, हे कळतं. ही कविता चित्रकारालाच सुचावी. भिंतीवर तक्ता नसेल तर ती अर्धीच पोचते. म्हणून मी तक्ता अडकवते, मगच वाचते.

एका वर्षी वाचून झाल्यावर म्हटलं, आता तुमचा तक्ता काढा. एकाने ऊस असा काढला की तो तीन चौकोन फोडून वर गेला. एकाने एडक्याची शिंगं शेजारच्या घरात घुसवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने बाकी सगळं छान रंगवलं आणि 'आ'चा चौकोन मोकळा ठेवला. विचारलं तर म्हणाली, "बाई, ती कामाला गेलीय."

ते पान माझ्या कपाटात आहे. कवितेवरचा इतका नेमका अभिप्राय मी व्यासपीठावरून ऐकलेला नाही.

कोलटकरांच्याच 'भिजकी वही'चंही तसंच. जगभरच्या रडणाऱ्या बायकांचं ते पुस्तक. त्यात व्हिएतनामची किम आहे, जून १९७२ मध्ये नापामने भाजून उघड्या अंगाने रस्त्यावर धावणारी पोर. तिला जगाने पाहिलं ते एका फोटोत. पिकासोच्या चित्रांतली डोरा आहे. म्हणजे कवी एका फोटोकडे, एका चित्राकडे बघत बसलाय आणि त्या बघण्यातून ओळी येतायत. अशा वेळी तो फोटो समोर पडद्यावर असावा आणि कुणीतरी शांतपणे, हातवारे न करता कविता वाचावी. फोटो फार वेळ ठेवू नये. वाचून झाल्यावर पडदा काळा करावा. एवढंच. त्याला सूत्रसंचालक लागत नाही.

आता सिनेमाकडे येते. 'कविता आणि चित्रपट' म्हटलं की तुमच्याकडे गाण्यांची मैफल ठरते. ती गाणी मलाही आवडतात. 'जैत रे जैत'मधले महानोर, 'निवडुंग'मधले ग्रेस, कोण नको म्हणेल? पण कवितेला चाल लावली म्हणजे सिनेमाशी तिचं नातं संपलं, असं थोडंच आहे!

गाण्याचंच म्हणाल तर एक किस्सा मला फार आवडतो. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं. ते इतकं बेमालूम उतरलं की लोक तो तुकोबांचाच अभंग समजले, गाथेत शोधायला लागले. सिनेमाच्या गरजेपोटी लिहिलेली ओळ घराघरातल्या भजनात जाऊन बसली. कविता कुठे संपते आणि चित्रपट कुठे सुरू होतो, हे गाथा चाळणाऱ्या त्या माणसाला विचारा!

आणि नारायण सुर्वे. गिरणीच्या परिसरात सापडलेलं पोर, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेलं. पुढे 'माझे विद्यापीठ' लिहिणारा कवी. त्यांच्यावर अरुण खोपकरांनी २००२ मध्ये 'नारायण गंगाराम सुर्वे' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात सुर्व्यांची भूमिका केली किशोर कदमांनी. किशोर कदम म्हणजे कवी सौमित्र. एका कवीच्या अंगात दुसरा कवी. (हेच खोपकर १९७१ मध्ये मणी कौल यांच्या 'आषाढ का एक दिन'मध्ये कालिदास झाले होते. आणि त्याच मणी कौलांनी १९८० मध्ये हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोधांच्या लिखाणावर 'सतह से उठता आदमी' केला. मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी, सख्खे भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी. असं एक सूत ओढलं की दुसरं येतं.)

तेच किशोर कदम 'फँड्री' चित्रपटात जब्याचे, म्हणजे त्यातल्या शाळकरी नायकाचे, वडील आहेत. दिग्दर्शक नागराज मंजुळे, त्यांचा 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह 'फँड्री'च्या आधीचा. म्हणजे एक कवी सांगतोय आणि दुसरा कवी डुकरामागे धावतोय. त्यातला तो प्रसंग आठवा. डुक्कर आता हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. घरचे सगळे जागच्या जागी ताठ. फक्त डुक्कर तेवढं चालत जातं. त्याला कुणी शिकवलेलं नाही ना. या प्रसंगाचं गद्य करून सांगितलं तर विनोद होईल किंवा भाषण होईल. पडद्यावर तो कवितेसारखा येतो, ओळ मध्येच तोडल्यासारखा, आणि पुढची ओळ यायच्या आत आपल्याला लाज वाटून चुकलेली असते. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. मंजुळ्यांना तुम्ही उद्घाटनाला, मुलाखतीला बोलावता, गर्दी होते. कवी म्हणून बोलावून, हे पाच मिनिटं दाखवून, 'इथे ओळ का तोडलीत?' असं त्यांना कुणी विचारलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

एक चित्रपट मात्र तुम्ही दाखवाल की नाही, याची मला शंका आहे. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड', २०११ सालचा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांनी त्यांना आधी 'हमारा शहर' या आपल्या माहितीपटासाठी चित्रित केलं होतं. गाणं, आवाज, चेहरा सगळं त्यांच्याकडे होतं. त्या मृत्यूपाशी सुरू झालेला चित्रपट पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. तीन तासांहून मोठा आहे. वस्त्यांमधल्या शाहिरांची इतकी कवने, ती म्हणणारे गळे, ऐकणाऱ्यांच्या मांडीवरची झोपलेली पोरं, मागची पत्र्याची भिंत, हे सगळं एकत्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. छापील पुस्तकात ती गाणी आली की त्यांचं निम्मं अंग कापलेलं असतं. हा आमच्या काळाच्या कवितेचा संग्रहच आहे, फक्त तो कागदावर नाही.

तुम्ही म्हणाल, वाद होईल. होऊ दे. २०२५ च्या सुरुवातीला एका मराठी चित्रपटातल्या नामदेव ढसाळांच्या ओळींवरून सेन्सॉर मंडळात 'कोण ढसाळ?' असं विचारलं गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. हळहळलो, फॉरवर्ड केली. ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ चा, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. पण तो प्रश्न विचारणाऱ्यावर एकट्यावर ढकलून आपली सुटका होत नाही. ढसाळांना आपण तरी कसं ठेवलंय? एका ओळीच्या घोषणेत, नाहीतर शिव्यांच्या भीतीत. त्यांच्या कवितेतली मुंबई हेनिंग स्टेगमुल्लर या जर्मन छायाचित्रकाराने टिपली, चित्र्यांनी केलेली भाषांतरं आणि ती छायाचित्रं एकत्र येऊन २००७ मध्ये इंग्रजीत पुस्तक निघालं. आपल्या ग्रंथप्रदर्शनात ते मला कधी दिसलं नाही. एकदा एका गाळ्यावर विचारलं तर विक्रेत्याने मला पाककृतींच्या रांगेकडे पाठवलं. ते असो.

हल्ली काही संमेलनांत 'दृक्श्राव्य काव्य' नावाचं सत्र असतं, त्याबद्दलही सांगते, कारण 'हे तर आम्ही करतो' असं उत्तर येईल. खिडकीच्या काचेवरून ओघळणारा पाऊस, मागे बासरी, वर कवितेच्या ओळी हळूहळू उगवतायत. पाऊस म्हटला की पाऊस, आई म्हटलं की सुरकुतलेला हात. मोबाइलवर असल्या शेकडो चित्रफिती फिरतात. तरुण मुलं हौसेने करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण हे कवितेला वॉलपेपर चिकटवणं झालं. शब्दाने जे सांगितलं तेच चित्राने पुन्हा सांगायचं असेल तर दोघांपैकी एकाला घरी पाठवावं. चांगली जोडी तेव्हा जमते जेव्हा चित्र कवितेला अडवतं, तिच्याशी भांडतं, निदान वेगळ्या दिशेला बघतं. चित्रकार अतुल डोडियांनी समकालीन गुजराती कवींच्या अख्ख्या कविता आपल्या जलरंगातल्या चित्रांमध्ये उतरवून घेतल्या. तिथे अक्षर वाचायचं की बघायचं, कळत नाही आणि तीच मजा आहे. असं काही मराठीत करणाऱ्या पोरांना पाऊस-बासरीवाल्यांच्या रांगेत उभं करू नका.

तर मागणी एकच आहे आणि ती मोठी नाही. आम्हाला एक अंधारी खोली द्या.

संमेलन बहुतेक ठिकाणी शाळा-कॉलेजच्या आवारातच असतं. मंडप नको. एक पक्का वर्ग द्या, प्रयोगशाळा असेल तर उत्तम, तिथे पाण्याची सोयही असते. खिडक्यांना काळं जाड कापड. चाळीस खुर्च्या पुरे. प्रोजेक्टर जो उद्घाटनाला पाहुण्यांचे फोटो दाखवायला आणता तोच चालेल. वेळापत्रक दारावर आणि मुख्य कार्यक्रमपत्रिकेतही छापा, 'इतर उपक्रम' या सदरात नको. आत सत्कार नको, शाल नको, दीपप्रज्वलन तर नकोच. दाखवायचं ते परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. लघुपट करणाऱ्यांनाही पोट असतं. 'आपल्या भाषेसाठी' म्हणून त्यांच्याकडून फुकट मागू नका.

खोलीच्या बाहेर एक लांब टेबल, त्यावर काच. लोकांच्या माळ्यावर 'असो', 'वाचा', 'येरू' अशा अनियतकालिकांचे अंक पडून आहेत. कडा वाळवीने खाल्लेल्या, स्टेपलरच्या पिना गंजलेल्या. कुणाचे वडील गेले की रद्दीत जातात. ते आणायला सांगा, काचेखाली ठेवा, संध्याकाळी ज्याचे त्याला परत करा. तिथे उभं राहिलं की कळतं, पान कसं मोडलंय, कुठे जागा सोडलीय, मुखपृष्ठ कुणी काढलंय. त्या पोरांकडे पैसे नव्हते, पण डोळा होता. पुढच्या वर्षी निदान त्यांचे फोटो तरी नीट काढून ठेवता येतील.

कवीसंमेलन बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. रात्री साडेबारापर्यंत चालू द्या. कुणाला तिथून उठून आमच्या खोलीत यावंसं वाटलं तर दार उघडं असेल, येताना फक्त पडदा नीट ओढून घ्या.

माणसं मी देते. आमच्या शाळेची तीन माजी मुलं प्रोजेक्टर सांभाळतात, त्यांतला एक गणपतीत लायटिंगची कामं करतो. त्याला अंधार कसा करायचा ते चांगलं कळतं. कापडही आमच्याकडे आहे, त्या दुपारनंतर मी घेऊन ठेवलंय. वर्ग ठरला की खिडक्यांची मापं तेवढी कळवा, लांबी-रुंदी इंचांत. शिवायला आठ दिवस लागतात.

आपली,
एक कलाशिक्षिका